विद्यार्थ्यांना संदर्भ द्यायला शिकवताना : प्रकल्प आणि लघुप्रबंधांच्या मार्गदर्शकांसाठी

पदव्युत्तर वर्गांना संशोधन प्रकल्प अनिवार्य झाल्यापासून मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विभागांतल्या बहुतेक शिक्षकांवर मार्गदर्शकाची जबाबदारी आली आहे. संदर्भसूची कशी करायची, हा प्रश्न विद्यार्थी सहसा प्रकल्प सादर करायच्या आठवड्यात विचारतात. तोवर ग्रंथालयाची पुस्तके परत गेलेली असतात, टिपणवहीत नुसते ‘कीर’ किंवा ‘विश्वकोश’ एवढेच लिहिलेले असते आणि पृष्ठक्रमांक कुठेच नसतो. मग सूची आठवणीवर, दुसऱ्याच्या प्रबंधावर आणि इंटरनेटवरच्या पुस्तकविक्रीच्या पानांवर बेतून तयार होते. स्वल्पविराम आणि पूर्णविराम कुठे द्यायचे याचा एक कागद वाटून हा दोष जात नाही. संदर्भ देणे हे लेखनाच्या अखेरचे काम नसून वाचनाच्या पहिल्या तासाचे काम आहे, आणि ते पुस्तक हातात धरूनच शिकवावे लागते. पुढील विवेचन मराठीतून लिहिल्या जाणाऱ्या प्रकल्पांच्या आणि लघुप्रबंधांच्या अनुषंगाने केले आहे, कारण इंग्रजीसाठी तयार नियमपुस्तिका मिळतात, मराठी लेखनात मात्र अनेक निर्णय मार्गदर्शकालाच घ्यावे लागतात.

पद्धत एकच, आणि ती आधी ठरवावी

एमएलए, एपीए आणि शिकागो या संदर्भ देण्याच्या तीन इंग्रजी पद्धती आपल्याकडे परिचित आहेत. पैकी एपीएची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आणि एमएलएची नववी २०२१ मध्ये निघाली. आपल्या विद्यापीठाने एखादी पद्धत ठरवून दिली असेल तर तीच पाळावी आणि त्यावर वर्गात वाद घालत बसू नये. विद्यापीठाने काही सांगितले नसेल, तर विभागाने एकत्र बसून एक पानाचा नमुना ठरवावा व तो सर्व मार्गदर्शकांनी मान्य करावा. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक वर्ष कंसात लिहायला सांगतो आणि दुसरा ते शेवटी टाकायला सांगतो, असे झाले की विद्यार्थी या साऱ्या व्यवहाराकडे शिक्षकांची लहर म्हणून पाहू लागतो.

एका बाबतीत मात्र परकी पद्धत जशीच्या तशी घेऊ नये असे माझे मत आहे. एपीएच्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ लिहिणे सोडून दिले आणि एमएलएने ते मुख्यतः १९०० पूर्वीच्या पुस्तकांपुरते ठेवले. मराठी ग्रंथांच्या बाबतीत स्थळ ठेवणे हिताचे आहे. जुन्या पुस्तकांवर पुष्कळदा प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव असते आणि छापखान्याचे नाव तेवढे ठळक दिसते. अशा वेळी पुस्तक पुण्याचे, मुंबईचे, बडोद्याचे की बेळगावचे, यावरून शोधणाऱ्याला बरीच वाट सापडते.

पहिला तास ग्रंथालयात

पहिल्या तासाला पडद्यावर नियम दाखवण्याऐवजी ग्रंथपालांच्या मदतीने वीस-पंचवीस पुस्तके टेबलावर मांडावीत. ती मुद्दाम अडचणीची निवडावीत : एक संपादित ग्रंथ, एक अनुवाद, एक पुनर्मुद्रण, समग्र वाङ्मयाचा एक खंड, टोपणनावाने लिहिलेला एक कवितासंग्रह, वर्ष न छापलेले एक पुस्तक, एक दिवाळी अंक, एक नियतकालिकाचा बांधीव खंड. प्रत्येक विद्यार्थ्याने एक पुस्तक घेऊन त्याची नोंद तयार करावी. नोंद मुखपृष्ठावरून करायची नाही, हे आधीच बजावावे. मुखपृष्ठ सजवताना चित्रकार नाव लहान करतो, उपशीर्षक गाळतो, कधी संपादकाचे नाव लेखकासारखे छापतो. नोंदीचा आधार म्हणजे आतले शीर्षकपान आणि त्याच्या मागचे पान. आवृत्ती, पुनर्मुद्रण, प्रकाशक, मुद्रक, मालकीहक्क आणि वर्ष ही सगळी माहिती तिथेच असते.

नोंदी लिहून झाल्या की त्या शेजाऱ्याला द्याव्यात आणि पुस्तके पुन्हा एकत्र मिसळावीत. शेजाऱ्याला केवळ त्या नोंदीवरून तेच पुस्तक, तीच आवृत्ती आणि सांगितलेले पान काढता आले तर नोंद बरोबर. ही एक कसोटी विद्यार्थ्यांच्या मनात पक्की बसली की विरामचिन्हांचे नियम पाठ करून घ्यावे लागत नाहीत, कारण कोणता तपशील कशासाठी आहे हे त्यांना स्वतःच कळलेले असते.

या तासाला आवृत्ती आणि मूळ प्रकाशन यांतला फरक नीट समजावून द्यावा, कारण सर्वांत महाग पडणाऱ्या चुका इथेच होतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. आज पुष्कळ ग्रंथालयांत जी प्रत हाती येते ती १९७५ मध्ये पुण्यात झालेले पुनर्मुद्रण असते. विद्यार्थी नुसते ‘मोल्सवर्थ, १९७५’ असे लिहितो, आणि एकोणिसाव्या शतकातल्या शब्दाच्या अर्थाविषयीचा त्याचा पुरावा कागदोपत्री थेट आणीबाणीच्या वर्षात जाऊन बसतो. नोंदीत हाती असलेल्या प्रतीचे वर्ष हवे, कारण पृष्ठक्रमांक त्या प्रतीचा आहे. आणि मूळ वर्षही हवे, कारण युक्तिवाद त्या वर्षावर उभा आहे.

समग्र वाङ्मयाबाबत हेच सूत्र एक पायरी पुढे जाते. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली, पण विद्यार्थी ती बहुधा राज्य शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेल्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात वाचतो. त्या ग्रंथाचीही १९६९ ची आवृत्ती धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादित केलेली आहे आणि १९९१ ची य. दि. फडके यांनी. दोन्हींतले पृष्ठक्रमांक एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे नोंद अशी व्हावी : फुले, जोतीराव (१९९१). ‘गुलामगिरी’. य. दि. फडके (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय. मुंबई : महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. (मूळ प्रकाशन १८७३). फुल्यांचे नाव काढून संपादकाला लेखक करणे किंवा संपादक अजिबात न दाखवणे, या दोन्ही चुका इतक्या सर्रास होतात की हे उदाहरण फळ्यावर पूर्ण लिहूनच दाखवावे.

नावांची गुंतागुंत

सूचीत आडनाव आधी, मग नाव, हे सर्वांना माहीत असते. पदव्या, उपाध्या आणि सन्मानदर्शक शब्द गाळावेत हेही ठाऊक असते : डॉ., प्रा., कै., सौ., लोकमान्य, महात्मा यांपैकी काहीही सूचीतील नावाला जोडायचे नाही. पण हा नियम डोळे मिटून लावला की भलतेच होते. श्री. व्यं. केतकर, श्री. ना. पेंडसे, श्री. के. क्षीरसागर या नावांतला ‘श्री.’ हा आदरार्थी शब्द नाही. तो अनुक्रमे श्रीधर, श्रीपाद आणि श्रीकृष्ण यांचा संक्षेप आहे. ज्ञानकोशकारांना ‘केतकर, व्यं.’ करून टाकणारी सूची तपासताना परीक्षकाला वेगळा पुरावा लागत नाही. आद्याक्षरे छापली आहेत तशीच उतरवावीत, हेही सांगावे. चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘चिं.’ म्हणजे ‘चि.’ नव्हे, आणि ‘त्र्यं.’चे ‘त्रं.’ होत नाही.

खानोलकरांचे नाव निघालेच आहे तर टोपणनावाचा प्रश्नही तिथेच सोडवावा. त्यांची कविता आरती प्रभू या नावाने आली आणि कादंबऱ्या स्वतःच्या नावाने. शीर्षकपानावर जे नाव आहे त्याच नावाखाली नोंद करावी, चौकोनी कंसात दुसरे नाव द्यावे आणि सूचीत दुसऱ्या नावाच्या जागी ‘पाहा’ असा निर्देश करावा. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी यांनाही हीच रीत लावावी. कुसुमाग्रज, केशवसुत, बालकवी यांसारख्या टोपणनावांची उलटापालट करायची नसते, ती आहेत तशीच वर्णानुक्रमात बसतात. आरती प्रभू हे नावही उलटवू नये. ते अखंड नाव म्हणून ‘आ’खाली घालावे.

वर्णानुक्रम लावताना संगणकावर विसंबू नये. युनिकोडमध्ये ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष असा क्रम असल्यामुळे क्षीरसागर हे आडनाव केळकर, कोलते यांच्या नंतर, पण ‘ख’च्या आधी जाऊन बसते; ‘ज्ञ’ही तसाच ‘ज’च्या पोटात शिरतो. शाळेत शिकलेल्या वर्णमालेप्रमाणे ही अक्षरे ‘ह’ आणि ‘ळ’ यांच्या पुढे येतात. दोन्हींपैकी कोणताही क्रम चालेल, मात्र तो विभागाच्या नमुन्यात लिहून ठेवावा. इंग्रजी ग्रंथांची सूची स्वतंत्र, रोमन लिपीत आणि मराठी सूचीनंतर द्यावी; एकाच सूचीत दोन लिप्या कालवल्या की कोणताच क्रम उरत नाही.

पुस्तकाखेरीज इतर साधने

मराठी विश्वकोशाचा दाखला देताना विद्यार्थी सरसकट प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे नाव लिहितात. विश्वकोशातील नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचे नाव दिलेले असते, लेखक तोच. नोंदलेखक, नोंदीचे शीर्षक, कोशाचे नाव, खंड, प्रमुख संपादक, वर्ष आणि पृष्ठ असा क्रम ठेवावा. नोंद संकेतस्थळावर वाचली असेल तर छापील खंडाचे पृष्ठ अंदाजाने घालू नये. पत्ता आणि पाहिल्याचा दिनांक द्यावा.

दिवाळी अंकातील लेखासाठी लेखक, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, ‘दिवाळी अंक’ हे शब्द, वर्ष, संपादक आणि पृष्ठे एवढे लिहावे. नंतर तोच लेख पुस्तकात आला असेल तर आपण प्रत्यक्ष जे वाचले त्याचीच नोंद करावी, कारण पुस्तक करताना लेखक मजकुरात फेरफार करतात. वर्तमानपत्राच्या कात्रणाला दिनांकाबरोबर आवृत्तीही लागते. त्याच दिवशीच्या पुणे आणि नागपूर आवृत्तींत बातमी वेगळ्या पानावर असते किंवा एकीत मुळीच नसते.

जुन्या ग्रंथांवर सनाऐवजी शक असेल तर तो छापल्याप्रमाणे लिहून पुढे चौकोनी कंसात इसवी सन द्यावा. शकात ७८ मिळवायचे, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतचा काळ असेल तर ७९. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आलेला शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०, हे उदाहरण विद्यार्थ्यांना चटकन पटते. महिना ठाऊक नसेल तर, उदाहरणार्थ शके १८१० साठी, १८८८-८९ असे जोडवर्ष लिहावे.

संतवाङ्मयाला पृष्ठक्रमांक देऊन भागत नाही. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी, गाथेसाठी अभंगाचा क्रमांक द्यावा, आणि त्यासोबत प्रत किंवा आवृत्ती न चुकता सांगावी. तुकारामांच्या गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत एकाच अभंगाचे क्रमांक निराळे असतात; शासकीय गाथेतला क्रमांक देऊन दुसऱ्या प्रतीतला पाठ उतरवला की वाचक भलत्याच अभंगावर जातो. ग्रंथाच्या प्रस्तावनेतून उतारा घेतला तर प्रस्तावनाकाराचे नाव द्यावे आणि पृष्ठक्रमांक जसा आहे तसा लिहावा. मराठी पुस्तकांत प्रस्तावनेची पाने ‘सात’, ‘आठ’ अशी अक्षरांत मोजलेली असतात, त्यांचे ७, ८ केले तर ती मुख्य मजकुराची पाने समजली जातील.

शासन निर्णयासाठी विभाग, विषय, क्रमांक आणि दिनांक हवा. मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाविषयी लिहिणारा विद्यार्थी ‘शासनाचा २००९ चा जीआर’ एवढ्यावर थांबतो. ६ नोव्हेंबर २००९ हा दिनांक लिहिला की तो कागद मिनिटभरात सापडतो. दप्तरखान्यातल्या कागदांसाठी संस्थेचे नाव आणि तिथला रुमाल, दफ्तर वा फाइल क्रमांक, ज्या शब्दांत त्या संस्थेच्या यादीत आहे त्याच शब्दांत, उतरवावा.

क्षेत्रकार्यात मिळालेल्या ओव्या, आठवणी आणि मुलाखती हेही साधनच आहे. निवेदकाची परवानगी घेऊन नाव, गाव, तालुका, दिनांक आणि ध्वनिमुद्रण कुणी केले हे लिहावे. परवानगी नसेल, किंवा विषय जात, दारू, कौटुंबिक हिंसा असा नाजूक असेल, तर ‘निवेदक क्र. ३, स्त्री, वय सुमारे साठ’ एवढेच पुरे. गाव लहान असेल तर तेही गाळावे.

उतारा जसाच्या तसा

अवतरणचिन्हांत आलेला मजकूर मुळाबरहुकूम असला पाहिजे, हे सांगायला सोपे आणि मराठीत पाळायला अवघड आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम रूढ होण्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘करणें’, ‘त्यांत’, ‘कांहीं’ असे अनुस्वार असतात. विद्यार्थी स्वतः, किंवा त्याचा टंकलेखक, किंवा संगणकातला शुद्धलेखन तपासनीस ते काढून टाकतो आणि उतारा ‘सुधारतो’. तसे करू देऊ नये. मुळातली चूक दिसली तर चौकोनी कंसात ‘मूळ तसेच’ असे लिहावे, गाळलेल्या जागी तीन टिंबे द्यावीत आणि स्वतः घातलेला शब्द चौकोनी कंसात ठेवावा. तीन-चार ओळींपेक्षा मोठा उतारा अवतरणचिन्हांशिवाय, दोन्ही बाजूंनी आत घेऊन, स्वतंत्र परिच्छेदात मांडावा. इंग्रजीतून स्वतः केलेल्या अनुवादापुढे ‘अनुवाद प्रस्तुत विद्यार्थ्याचा’ अशी नोंद हवी, आणि दुसऱ्याच्या अनुवादाला अनुवादकाचे नाव.

उताऱ्यापेक्षा कठीण काम म्हणजे आशय स्वतःच्या शब्दांत सांगणे. वाङ्मयचौर्याची बहुतेक प्रकरणे चोरीच्या इराद्याने घडत नाहीत. शब्द बदलले म्हणजे वाक्य आपले झाले, या शाळेपासूनच्या समजुतीने घडतात. म्हणून एक वाक्य घेऊन ते वर्गात उलगडून दाखवावे. समजा, पुस्तकात असे वाक्य आहे : ‘कोकणातून मुंबईत आलेल्या गिरणी कामगारांनी गावाशी असलेले नाते मनीऑर्डर आणि गणपतीची रजा यांच्या आधारे टिकवून ठेवले.’ विद्यार्थी लिहितो : ‘कोकणातून मुंबईला आलेल्या गिरणी मजुरांनी गावाशी असणारा संबंध मनीऑर्डर व गणपतीची सुट्टी यांच्या साहाय्याने जपला.’ इथे पाचसहा शब्द बदलले, वाक्याचा सांगाडा तसाच राहिला, आणि संदर्भही नाही. संदर्भ दिला तरी हे स्वतःचे लेखन ठरत नाही. आता पुस्तक मिटून लिहायला सांगावे : ‘मुंबईतल्या कोकणी कामगाराचे गाव सुटले नव्हते, असे लेखकाचे म्हणणे आहे, घरी जाणारा पैसा आणि गणपतीला होणारे येणेजाणे ही त्याची दोन प्रमाणे तो देतो.’ यात कोण काय म्हणतो ते स्पष्ट आहे, युक्तिवाद आणि पुरावा वेगळे केले आहेत, आणि शेवटी पृष्ठक्रमांक आला की काम पूर्ण होते. असे तीन-चार परिच्छेद वर्गातच करून घ्यावेत, घरी देऊ नयेत.

टिपणवहीसाठी एकच शिस्त पुरते. प्रत्येक पुस्तकाची संपूर्ण नोंद पहिल्या ओळीत. उतरवलेला मजकूर अवतरणचिन्हांत. स्वतःचे शब्द वेगळ्या शाईत. आणि प्रत्येक टिपणाला पृष्ठक्रमांक. ग्रंथालयातून पुस्तक परत करण्यापूर्वी शीर्षकपानाचे आणि त्याच्या मागच्या पानाचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवायला सांगावे.

एखादे मत दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत झालेले वाचले असेल आणि मूळ ग्रंथ पाहिला नसेल, तर तसे सरळ लिहावे : मूळ लेखक, आणि पुढे ‘उद्धृत’ या शब्दासह आपण वाचलेल्या पुस्तकाची नोंद. सूचीत मात्र वाचलेले पुस्तकच जावे. अलीकडे यात आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. चॅटजीपीटीसारख्या साधनांना संदर्भ मागितले तर ती खऱ्या लेखकाच्या नावावर अस्तित्वात नसलेले पुस्तक, वर्ष आणि पृष्ठासह, रचून देतात. मराठी विषयांवर तर हे फार होते. जे पुस्तक ग्रंथालयाच्या तालिकेत, प्रकाशकाच्या सूचीत किंवा प्रत्यक्ष कपाटात सापडत नाही ते सूचीत येणार नाही, हा नियम पहिल्याच तासाला सांगून टाकावा.

टीपा आणि पानांची मांडणी

मराठी विभागांत प्रकरणाच्या शेवटी ‘संदर्भ आणि टीपा’ देण्याची जुनी प्रथा आहे आणि ती वाईट नाही. वाईट आहे ते आकडे हाताने टाइप करणे. सतराव्या टिपेचा परिच्छेद गाळला की पुढचे सगळे आकडे एकाने चुकतात आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही. वर्डमधील तळटीप किंवा अंत्यटीप घालण्याची सोय वापरायला लावावी. आकडे आपोआप सरकतात. ‘तत्रैव’ (लगेच आधीच्या टिपेतलाच ग्रंथ) आणि ‘उ. नि.’ (आधी निर्देश केलेला ग्रंथ) हे संक्षेप लेखन चालू असताना वापरू नयेत. मधे नवी टीप घुसली की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. त्याऐवजी ‘फुले, १९९१, पृ.’ असा लघुनिर्देश करावा; तो कुठेही हलवला तरी खरा राहतो.

मांडणीबद्दल विद्यापीठाचे परिपत्रक अखेरचा शब्द मानावे. तिथे काही नसेल तर ए-फोर कागद, बांधणीसाठी डावीकडे दीड इंच आणि इतर तीन बाजूंना एक इंच समास, मजकूर १४ आणि तळटीप ११ किंवा १२ आकाराची, ओळींत दीडपट अंतर, एवढे ठरवावे. प्रकरणांच्या आणि उपप्रकरणांच्या शीर्षकांना नुसते ठळक न करता वर्डमधील शीर्षकशैली लावायला शिकवावे. अनुक्रमणिका तिच्यातून आपोआप तयार होते आणि पृष्ठक्रमांक चुकत नाहीत. अंक देवनागरी की आंतरराष्ट्रीय, हेही एकदाच ठरवावे. एकाच पानावर ‘१९६२’ आणि रोमन वळणातला आकडा दिसणे हा प्रमाद लहान असला तरी फार डोळ्यांत येतो.

टंकाची निवड ही इथली सर्वांत गंभीर बाब आहे. पुष्कळ विद्यार्थी हस्तलिखित डीटीपीच्या दुकानात देतात आणि तिथे ते जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत टाइप होते. अशी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, तिच्यात शोध घेता येत नाही आणि साम्य तपासणाऱ्या प्रणालीलाही तो मजकूर मराठी म्हणून वाचता येत नाही. युनिकोडमध्येच टाइप करून देण्याची अट दुकानदाराला आधी सांगावी. युनिकोडमध्येही ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन निराळ्या रीतींनी टाइप होतो, दिसतो मात्र एकसारखा; एका रीतीने शोधले की दुसरी सापडत नाही, म्हणून शेवटच्या तपासणीत अशा शब्दांचा शोध दोनदा घ्यावा. झोटेरोसारखी मोफत प्रणाली नोंदी साठवायला उपयोगी आहे, आणि तिच्यात देवनागरीत नोंदी करता येतात, ‘संपा.’, ‘अनु.’, ‘आणि इतर’ हे शब्द मात्र बाहेर आलेल्या सूचीत हाताने तपासावेत.

साम्याची टक्केवारी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी इतरांच्या लेखनाशी असलेल्या साम्याचे स्तर ठरवून दिले आहेत : १० टक्क्यांपर्यंत किरकोळ साम्य, त्यावर दंड नाही, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षापर्यंत सुधारित प्रत सादर करता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळले जातात, तसेच सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगाने सारखी आलेली सलग १४ शब्दांपर्यंतची रचनाही. विद्यार्थी या १४ शब्दांचा अर्थ तेवढे शब्द उचलायला परवानगी असा लावतात. तो तसा नाही, हे स्पष्ट करावे.

मार्गदर्शकाने हेही ध्यानात घ्यावे की मराठीतला फार मोठा छापील मजकूर कोणत्याच माहितीसाठ्यात नाही. १९७० सालच्या मासिकातले आठ पानी प्रकरण कुणी जसेच्या तसे उतरवले तरी अहवालात चार टक्के साम्य येऊ शकते. उलट, कायद्याची कलमे किंवा अभंग असलेल्या प्रामाणिक प्रकल्पाचे साम्य फुगलेले दिसते. म्हणून अहवालातला आकडा पाहून थांबू नये; रंगवलेली प्रत्येक ओळ उघडून पाहावी, आणि जिथे विद्यार्थ्याची भाषा एकाएकी दुसऱ्याच पिढीची वाटू लागते तिथे थांबून मूळ पुस्तक मागावे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्याच विषयावरचे प्रबंध आधीच चाळून ठेवले तर हे काम पुष्कळ सोपे होते.

तपासणी

संदर्भांसाठी राखून ठेवलेले गुण अंतिम प्रतीवर न देता तीन टप्प्यांत वाटावेत. पहिल्या महिन्यात दहा नोंदींची तात्पुरती सूची, पहिल्या प्रकरणाबरोबर टीपा, आणि अखेरीस संपूर्ण सूची. पहिल्या टप्प्यावर मार्गदर्शकाने दहाही नोंदी ओळीओळीने दुरुस्त कराव्यात. पुढे केवळ चुकीच्या जागी खूण करून ती विद्यार्थ्यालाच शोधायला लावावी. अंतिम प्रतीपूर्वी त्याने मजकुरातील प्रत्येक नाव सूचीत आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात शोधून दोन्ही बाजू जुळवाव्यात. पुस्तकांची संख्या वाढवण्यासाठी घातलेली, कुठेही न वापरलेली नावे याच वेळी गळतात. तोंडी परीक्षेत सूचीतली कोणतीही तीन पुस्तके किंवा त्यांच्या पानांची छायाचित्रे आणायला सांगावीत आणि टिपेत दिलेले पान उघडून ते वाक्य तिथे आहे का ते पाहावे. हे होणार असे वर्षाच्या सुरुवातीला जाहीर केले तर विद्यार्थी पृष्ठक्रमांक पहिल्या दिवसापासून लिहू लागतात. छपाईला देताना वर्डची फाइल न देता टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी आणि दुकानातून निघण्यापूर्वी सूचीची पाने तरी छापील प्रतीत एकदा वाचून पाहावीत, कारण जोडाक्षरे तुटलेली असली तर ती तिथेच दिसतात.